ओगराळं निथळू द्यावं

झाशीला उतरलो तर फलाटावर माझ्या नावाची पाटी धरून एक गृहस्थ उभे. त्यांच्याशी मी फलाटापासून थेट इलाइट चौराह्यापर्यंत हिंदीत बोलत राहिलो. हिंदी म्हणजे माझी हिंदी. ‘पेटी जरा संभालके, अंदर नाजूक काम है’ या जातीची. गृहस्थ जीपच्या पुढच्या सीटवरून मागे वळून उत्तरं देत होते, मधूनच काही विचारत होते. माझं सगळं लक्ष पुढचं वाक्य जुळवण्यात, त्यामुळे ते काय म्हणतात हे ऐकायला मला सवडच नव्हती. चौराह्यावर टेम्पो, सायकल-रिक्षा आणि या सगळ्यांची मालकीण असल्यासारखी एक म्हैस यांच्यात आम्ही अडकलो. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. अचानक झालेल्या शांततेत गृहस्थ म्हणाले,

“अहो काळे, मी स्टेशनपासून मराठीतच बोलतोय.”

ड्रायव्हर मागे न बघता म्हणाला, “हमें तो लगो, साब मदरास के हैं.”

हे गृहस्थ म्हणजे लघाटे. रेल्वेत मालगाड्यांच्या डब्यांची तपासणी त्यांच्याकडे. आजोबा भुसावळहून बदलून झाशीला आले ते परत गेलेच नाहीत. नातवाच्या अंगावर निळा स्वेटर, गळ्याला मफलर, आणि बोलणं असं संथ, की एक वाक्य संपेपर्यंत माझ्यासारख्या माणसाची दोन बोलून व्हावीत. मी ओशाळून माफी मागितली. तीही घाईत, ‘सॉरी हं, काय आहे ना’ वगैरे. ते नुसते हसले. त्या हसण्यात काहीतरी राहून गेलं असं मला वाटलं. काय ते कळायला पुढचे काही दिवस जावे लागले.

विश्रामगृह

उतरायची सोय रेल्वेच्या विश्रामगृहात होती. खोली एवढी मोठी, की कोपऱ्यातल्या खाटेवरून मी बोललो असतो तर समोरच्या भिंतीला ऐकू गेलं नसतं. छत उंच, त्यातून लांब दांडीला लोंबणारा एक दिवा, तीन खुर्च्या. तीन कशाला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. एकीवर मी बॅग ठेवली, दुसरीवर कोट, आणि तिसरी समोर ओढून तिच्याकडे बघत चहा प्यायलो. बाहेर जानेवारीचं धुकं. पुण्यात थंडी म्हणजे स्वेटर घालायची हौस. इथे थंडी पायमोज्यांतून वर चढते आणि गुडघ्यात मुक्काम करते.

जवळच्या बूथवरून घरी फोन लावला.

“पोचलो गं. कशी आहेस? बरी ना? हां. इथे थंडी फार आहे. मागे लोक उभे आहेत, ठेवतो.”

“अहो, मी काय म्हणत होते...” असं मंदा म्हणाली बहुतेक. तोवर माझा हात खाली आला होता. मागे खरोखरच लोक उभे होते. म्हणजे एक लष्करातला जवान उभा होता. तोही बिचारा साताऱ्याकडचा निघाला आणि त्याची पाळी आल्यावर आईशी असं सावकाश बोलत होता, की म्हशीनं किती दूध दिलं इथपर्यंत सगळं मला बाहेर ऐकू आलं.

आमची मुलगी लग्न होऊन बंगळूरला गेली, मुलगा वसतिगृहात. घरात आम्ही दोघं, म्हणजे खरं सांगायचं तर मंदा एकटीच. मी बहुतेक वेळ कारखान्याच्या शेडमध्ये. त्या भल्यामोठ्या खोलीत पांघरूण डोक्यावर घेताना पहिल्यांदा मनात आलं, की आमचं घरही रोज संध्याकाळी तिला एवढंच मोठं वाटत असेल का? मग झोप लागली. फार खोल विचार करायची मला सवय नाही.

गुमटी

मी झाशीला कशाला गेलो होतो हे आता सांगायला हवं. माझी थोरली बहीण दर दिवाळीला विचारते, “तू नक्की करतोस काय रे?” तिला सांगतो तेच सांगतो.

जगातल्या गोष्टी सलग असतात. ऊन हळूहळू चढतं, आवाज वाढतो, विरतो. कॉम्प्युटरला हे सलग काही समजत नाही, त्याला आकडे लागतात. सलगाचे आकडे करून देणारं सर्किट म्हणजे कन्व्हर्टर. भाजीवाल्याचा तराजू आठवा. एका पारड्यात वांगी, दुसऱ्यात तो आधी किलोचं वजन टाकतो. जड झालं तर काढून अर्ध्याचं, मग पावाचं, असं करत करत काटा मधे आणतो. साधे कन्व्हर्टर असेच चाचपडत उत्तराला पोचतात. मी काय केलं, तर एका तराजूऐवजी तराजूंची रांगच लावली. प्रत्येकावर वेगळं वजन, आणि वांग्यांचा भार एकाच क्षणी सगळ्यांवर. कुठपर्यंतचे तराजू झुकले ते बघितलं की उत्तर तयार. चाचपडणं नाही. माझं सर्किट जलद होतं. किती जलद हे सांगायला लागलो की बहीण फराळाचं ताट पुढे सरकवते.

रेल्वेला ते कशाला? तर मालडब्याचं चाक कधीकधी ब्रेक अडकून घासतं आणि एका जागी चपटं होतं. मग ते प्रत्येक फेरीला रुळावर हातोडा मारत जातं. रूळ तडकायचा धोका. ते चाक धावत्या गाडीत ओळखायचं म्हणून रुळाला ओळीनं सेन्सर चिकटवलेले. चाक वरून गेलं की सेन्सर धक्का सांगणार, आणि माझं सर्किट त्या सेन्सरांना एकामागून एक, डोळ्याचं पातं लवायच्या आत फिरून फिरून विचारणार: तुझं काय? तुझं काय? तुझं काय?

भोसरीच्या आमच्या शेडमधून निघताना मालक म्हणाले होते, “काळे, झाशीला चाललं तर तुमचा डिझाइन विभाग राहील. नाही चाललं तर तयार कार्डं बाहेरून आणून विकू. तुम्ही दुरुस्तीचं बघा.” मालक वाईट माणूस नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, रागावता तरी आलं असतं. त्या विभागात मी आणि माझ्या हाताखाली तयार झालेली चार मुलं. त्यांना मी काय सांगून निघालो? “चार दिवसांत ऑर्डर घेऊन येतो.”

रुळाकाठी पत्र्याची एक गुमटी, म्हणजे टपरीवजा खोपटं. तिथे लाइनवरचे परमलाल शेगडी पेटवून बसलेले असत. माझी पेटी उघडल्यावर त्यांनी लांबूनच पाहिलं. “काए साब, जा मसीन रेल की नबज देखहे?”

“हां, नब्ज ही समझो. नाडी.”

“हओ,” ते म्हणाले आणि शेगडी माझ्या बाजूला सरकवली.

लघाट्यांनी विचारलं, “काळे, केबल पुण्यात जेवढी होती...”

“केबलचं सोडा हो. तुमच्या माणसांनी सेन्सर नीट चिकटवलेत ना? नसतीलच. मी एकदा बघून घेतो.”

आणि मी बघायला गेलो सुद्धा. सेन्सर उत्तम चिकटवलेले होते. परत आलो तेव्हा लघाटे परमलालशी बुंदेलीत काही बोलत होते, आपलं अर्धं वाक्य त्यांनी मिटून टाकलं होतं.

खोटा आजारी

पहिल्या चाचणीला अधिकारी आले. त्यांना सगळे नुसतं ‘साहब’ म्हणत, मीही तेच म्हणतो. एक मालगाडी येणार होती, तिच्यात एका डब्याचं चाक चपटं आहे हे आधीच माहीत होतं. माझ्या यंत्रानं ते ओळखायचं, एवढंच.

गाडी आली. गुमटीचा पत्रा थरथरला, शेगडीतले निखारे हलले. पडद्यावर माझे आकडे धावले. चपटं चाक बरोबर सापडलं! मी लघाट्यांकडे असं पाहिलं, जसं आमचा मुलगा लहानपणी सायकलचे हात सोडून पाहायचा. आणि तेवढ्यात पडद्यानं आणखी एक चाक दाखवलं. त्याच्या लगेच मागच्या डब्याचं पहिलं चाक.

“दो हैं?” साहबांनी विचारलं.

“दो हैं,” मी म्हणालो.

डबा आजारी ठरला की इथे त्याला ‘सिक’ म्हणतात. लघाट्यांनी माझ्या शब्दावर यार्डात दोन्ही डबे सिक करून गाडीतून काढायला लावले. दुसरा डबा सिमेंटनं भरलेला. दुपारी चाक तपासलं, तर ते पोरीच्या बांगडीसारखं गोल. यार्डातले लोक लघाट्यांना तोंडावर काही म्हणाले नाहीत, पण एक जण दुसऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाला, “लघाटेजी की मसीन तो अच्छे-भले को बुखार बता रई.”

साहबांचा आवाज चढला नाही. “मंगलवार को एक गाड़ी और है. उसमें ठीक निकला तो ठीक. वरना, लघाटेजी, मैं लिख दूँगा कि काम का नहीं है.”

लघाटे ‘जी’ म्हणाले. मग मला जीपमध्ये सांगितलं, मधे मधे थांबत, “मार्चात मी रिटायर होतोय. हे यंत्र बसवा म्हणून दोन वर्षं मीच मागे लागलो होतो. म्हटलं, जाताना... काहीतरी मागे राहील.”

त्यावर मी सेन्सर, रूळ आणि सिमेंट यांच्याबद्दल बोललो.

खोलीवर आलो आणि एक विचार डोकावला, तो लपवत नाही. कॉम्प्युटरच्या प्रोग्रामात दोन ओळी घातल्या की झालं: लागोपाठ दुसरा धक्का आला, तर दाखवू नकोस. मंगळवारच्या गाडीतही एकच चपटं चाक असणार होतं. यंत्र पास झालं असतं, विभागातली माझी मुलं राहिली असती, लघाटे मान वर करून रिटायर झाले असते. आणि पुढे कधी लागोपाठची दोन चाकं खरोखर चपटी निघाली असती तर? तेव्हा मी भोसरीत असणार होतो आणि परमलाल गुमटीत. ओळी टाइप करायला घेतल्या आणि पुसल्या. मोठेपणा वगैरे काही नाही. तिसरी खुर्ची समोर होती, तिच्यावर कुणीतरी बसून बघतंय असं उगीच वाटत राहिलं.

एरच

रविवारी यार्ड माझ्यासाठी बंद. संध्याकाळी लघाट्यांकडे जेवायला बोलावलं होतं; तोवर खोलीत बसवेना म्हणून बसनं एरचला गेलो. बस कशी होती ते विचारू नका, माझ्या पाठीला विचारा.

एरच म्हणजे बेतवेच्या काठचं जुनं, अतिशय जुनं गाव. होळी पहिल्यांदा पेटली ती इथेच, असं तिथला प्रत्येक माणूस काल पाहिल्यासारखं सांगतो. टेकाडावर चालताना पायाखाली जुन्या विटांचे तुकडे करकरतात; कुणाची घरं होती कोण जाणे, आता त्यांवर शेळ्या चरतात. पलीकडे मोहरीची पिवळी शेतं, त्यांवर अजून धुक्याचा पातळ पदर. आणि खाली बेतवा. आमच्या मुळा-मुठेला वाहायचं काम सोपवलेलं असतं तशा त्या वाहतात. बेतवा आपली पसरलेली, मधे वाळूची बेटं, त्यांवर एकेकटे उभे पक्षी. ती पुढे जाते आहे की थांबली आहे, हे पाण्यात काडी टाकून बघावं लागतं. मी टाकून बघितली. जात होती.

काठावर एक म्हातारी बोरांची टोपली घेऊन बसली होती. मी उभा राहून भाव विचारला. तिनं उत्तर दिलं नाही. आधी मला खालून वर पाहिलं.

“बैठो तो पैलें. कां से आए?”

बसलो. “पूना से.”

“अकेले?”

“हां, काम से आया हूँ.”

“घरवारी संगे नईं ल्याए?”

“वो घर पे है.”

“मोड़ी-मोड़ा?”

“बाहर हैं. एक की शादी हो गई, एक पढता है.”

म्हातारीनं बोटांवर हिशेब केला. मग म्हणाली, “सो दोई जने अकेले-अकेले.”

आणि बोरं तिनं ओंजळीनं माझ्या रुमालात ओतली. भाव तिनं सांगितला तो त्यानंतर. आमच्याकडे आधी भाव, मग माल, मग ओळख झाली तर झाली. इथे उलट. पाणी प्यायल्याशिवाय, कुठून आलात हे सांगितल्याशिवाय तुमच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, आणि मी तर जिथे जाईन तिथे प्रश्न टाकून पुढे निघालेला असतो. बोरं आंबट होती. तिथे बसून सगळी खाल्ली. मंदाला बोरं फार आवडतात, हे शेवटचं बोर तोंडात टाकल्यावर आठवलं.

लघाट्यांचं घर

लघाट्यांचं क्वार्टर रेल्वे कॉलनीत. दारात तुळस, आत दिवाण, भिंतीवर गणपती. घरात लघाटे, लघाटेकाकू आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी रश्मी. काकू माझ्याहून फारशा मोठ्या नसतील, पण त्यांचा पदर आणि बोलणं बघून ‘काकू’च तोंडात आलं. माहेर ग्वाल्हेरचं, आणि तिथून त्यांनी अशी मराठी आणली होती, की मला माझ्या आजोळची भांडी आठवली.

“बसा भाऊजी, संकोच करायचा नाही हं जी. रश्मी, ओगराळं कुठं ठेवलंस गं?”

ओगराळं! उभ्या दांड्याचं, खोल वाटीचं, वाढायचं. पुण्यात आता आमच्याकडे सगळ्यालाच ‘डाव’ म्हणतात. मी म्हणालो, “किती वर्षांनी हा शब्द ऐकला!”

“हिला विचारा,” काकू हसल्या, “ही कलछी म्हणते.”

“मम्मी, कलछी ही तो है,” रश्मी म्हणाली.

“बघा. समजतं सगळं. पण उत्तर हिंदीत.” हे लघाटे म्हणाले. मग जरा थांबून, पोळीचा तुकडा मोडत, “घरात मराठी म्हणजे मी आणि ही. आणि हिला मी काय बोलणार ते बोलण्याआधीच कळतं. म्हणून बाहेरचं कुणी मराठी माणूस येणार म्हटलं, की... तुम्हाला घ्यायला खरं तर ड्रायव्हर एकटाच येणार होता. मी म्हटलं, मी जातो. स्टेशनपासून विश्रामगृहापर्यंत गप्पा होतील.”

मी मान खाली घालून कढी प्यायलो. इलाइट चौराह्याची ती म्हैस माझ्यापेक्षा शहाणी होती, निदान गप्प तरी होती.

जेवणात पोळी, कढी, गक्कड नावाचे निखाऱ्यांवर भाजलेले जाड गोळे, वांग्याचं भरीत आणि माझ्यासाठी म्हणून शेवयांची खीर. काकू स्वयंपाकघरात, वाढायला रश्मी. टीव्हीवर रविवारचा सिनेमा सुरू व्हायला आला होता, त्यामुळे तिचा सगळा जीव बाहेरच्या खोलीत. कढीत ओगराळं, माझ्या वाटीत. खिरीत ओगराळं, वडिलांच्या वाटीत. पुन्हा कढी, पुन्हा खीर. एकच ओगराळं, दोन पातेली, आणि वेग असा, की मी मालक असतो तर तिला आमच्या विभागात घेतलं असतं.

मी खिरीचा घोट घेतला. गोड, वेलदोड्याची, आणि मागून हळूच कढीपत्ता आणि हिंग.

घोट तसाच तोंडात ठेवून मी लघाट्यांच्या वाटीकडे पाहिलं. त्यांच्या खिरीतही मोहरीचे दोन दाणे तरंगत होते.

“अगं बाई!” काकूंनी दारातून पाहिलं. “एक तर दोन ओगराळी घ्यावीत. नाहीतर निथळू तरी द्यावं आधी, मग दुसऱ्यात बुडवावं. भाऊजी, राहू द्या ती वाटी, दुसरी देते.”

“नको, नको. हीच असू द्या,” मी म्हणालो. बहुधा ओरडलोच, कारण रश्मी दचकून थांबली. “लघाटे, हेच झालंय! खिरीत काही वाईट नाही. ती कढी आहे, मागच्या पातेल्यातली!”

तिघं माझ्याकडे बघत राहिले. मी हातवारे करून सांगितलं. माझं सर्किट म्हणजे हे ओगराळं. सेन्सर म्हणजे पातेली, प्रत्येकावर त्या क्षणी वेगळं चाक. चपट्या चाकाचा धक्का मोठा; त्याचा व्होल्टेज तारेत उरलेला असतानाच मी पुढच्या सेन्सरला विचारतो, ‘तुझं काय?’ आणि तारेत जे उरलं आहे तेच त्याचं उत्तर म्हणून घेतो. तो बिचारा स्वतःचं बोलण्याआधीच! पुण्यात टेबलावर तारा वीतभर, त्यात काही उरतच नसे. इथे सेन्सरपासून गुमटीपर्यंत लांबलचक केबल, ती रिकामी व्हायला वेळ लागतो, आणि मी तो वेळ देतच नव्हतो, कारण मला जलद व्हायचं होतं...

बोलता बोलता मी थांबलो. केबल.

“लघाटे, त्या दिवशी गुमटीत तुम्ही केबलबद्दल काही विचारत होता.”

“हो,” ते म्हणाले.

मी थांबलो. त्यांना वेळ लागतो. बाहेरच्या खोलीत सिनेमाची नावं सुरू झाली, पण रश्मी हलली नाही.

“मी एवढंच विचारत होतो,” ते म्हणाले, “की केबल पुण्यात जेवढी होती तेवढीच चालेल, की इथं जास्त लागेल, कारण जास्त लागली तर मला स्टोअरमधून... दुसरं बंडल काढावं लागलं असतं. मला यातलं काही कळत नाही हो.”

आम्ही चौघंही हसलो. ती खीर मी संपवली. वाईट लागत नव्हती, खरंच सांगतो.

बड़ा बाज़ार आणि पुन्हा गुमटी

सेन्सर बदलल्यावर किती थांबायचं, हे माझ्या सर्किटात एका मटाराएवढ्या कपॅसिटरवर ठरत होतं. मोठा कपॅसिटर, लांब थांबा. सोमवारी सकाळी लघाटे मला बड़ा बाज़ारात घेऊन गेले. बांगड्या, पितळी भांडी, तिळाची गजक, रजया यांच्या गर्दीतून वाट काढत एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात पोचलो. दुकानदारानं बरणीतून कपॅसिटर काढून देत विचारलं, “बाबूजी, किस काम में लगेगा?”

“रुकने के,” मी म्हणालो.

“ये लो. यहाँ सब चलाने का सामान लेने आते हैं,” तो म्हणाला.

वाटेत उभं राहून दही-जिलेबी खाल्ली. थंडीत गार दही आणि गरम जिलेबी ही जोडी आमच्याकडे कुणाला सुचली नाही, याचं वाईट वाटलं. त्या सबंध फेरीत मी बहुतेक काहीच बोललो नाही. लघाटे बोलले. आजोबा भुसावळहून येताना पाटा-वरवंटा कसा घेऊन आले, इथले मराठी लोक गणपतीत कसे जमतात आणि दरवर्षी पाटावरची माणसं कशी कमी होतात, रश्मीचं लग्न इथल्याच मुलाशी झालं तर नातवंडं त्यांना काय हाक मारतील. मधे लांब लांब थांबे. मला कळलं, की ते थांबत तेव्हा वाक्य संपलेलं नसे.

गुमटीत शेगडीवर हात शेकत कपॅसिटर बदलला. आता यंत्र निथळून घेत होतं. पण वेग? निम्म्यावर आला. ज्या वेगासाठी एवढी वर्षं घालवली, जो आकडा मालकांनी कागदावर ठळक छापला होता, त्याच्या निम्म्यावर. तो थांबा जोडताना, खरं सांगतो, स्वतःच्याच पोराच्या प्रगतिपुस्तकावर कमी गुण लिहिल्यासारखं वाटलं.

मंगळवारी गाडी आली. पत्रा थरथरला. चपटं चाक पडद्यावर आलं. त्याच्या मागचं चाक आलं, गेलं. निरोगी. त्यामागचं निरोगी. शेवटचा गार्डाचा डबा जाईपर्यंत सगळे पडद्यावर वाकलेले. यार्डात तपासणी झाली. एकच चाक, तेच. परमलाल म्हणाले, “अब नबज ठीक पकरी.”

साहबांनी कागद बघितला. “कालेजी, स्पीड तो आधी है आपके लिखे से.”

“जी. उतनी तेज नहीं है.”

“एक्सप्रेस के लिए नहीं चलेगी.”

“नहीं चलेगी, साहब. मालगाड़ी के लिए चलेगी.”

त्यांनी जरा विचार केला. “तो मालगाड़ी के लिए लिखता हूँ. एक्सप्रेस के लिए फिर आइएगा.”

मालकांना बूथवरून कळवलं. पलीकडे कॅल्क्युलेटरची बटणं वाजली. मग म्हणाले, “निम्मा वेग, निम्मी ऑर्डर. बरं. विभाग राहू द्या वर्षभर. पुढचं पुढे.” मुलं राहिली. पण जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. परीक्षेत पास होऊन घरी यावं आणि घरी कुणी नसावं, तसं वाटलं. खाली ठेवलेला फोन पुन्हा उचलला आणि मंदाला लावला.

“कशी आहेस?” म्हणालो, आणि थांबलो.

ती बोलली नाही. तारेत लांबचा खरखराट. मी तरीही थांबलो.

“अहो? लाइन गेली का?” ती म्हणाली.

“नाही. ऐकतोय.”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग, “या तुम्ही. आल्यावर बोलू.”

निघताना लघाटे स्टेशनवर आले होते. या खेपेला फलाटावर मी एक शब्द हिंदीत बोललो नाही. गाडी हलेपर्यंत ते काहीतरी सांगायच्या बेतात होते. गाडी हलली, ते बरोबर चालू लागले, आणि फलाट संपता संपता म्हणाले, “एक्सप्रेसचं... लवकर करा. मार्चाच्या आत या.”

घरी

घरी आलो तेव्हा मंदा स्वयंपाकघरात होती. झाशीहून गजक आणि बोरं आणली होती. बोरं, काय सांगू, एरचची मीच संपवल्यामुळे बाजारातून पुन्हा घ्यावी लागली होती. ओट्याजवळ उभं राहून मी तिला सगळं सांगितलं. चौराह्यावरची म्हैस, तीन खुर्च्या, कढीची खीर, निम्मा वेग. हसली. बोरं धुवायला घेतली. तिची पाठ माझ्याकडे होती. विश्रामगृहातल्या त्या दिव्यासारखी ती एवढ्या घरात एकटीच राहिलेली मला दिसली, आणि मी विचारलं,

“मंदा, तू कशी आहेस?”

आणि पुढचं काही बोललो नाही. नळ चालू होता. तो तिनं बंद केला. हात पुसले. मी उभाच. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं, फलाटावर ही पाटी धरून उभा असलेला माणूस कोण, अशा नजरेनं. मग पायानं स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली,

“बसा आधी. वेळ लागेल.”